आईला सांभाळणाऱ्या मावशींना

मावशी, स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही पदर सावरत स्वयंपाकघरात पळता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी पत्र उघडच लिहितोय, कारण अंथरुणाला खिळलेलं माणूस आज घरोघरी आहे आणि तुम्ही आम्हाला जे करून दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे. तुमची लेक वाचून दाखवेलच.

आईला झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि सोबत बोलणंही गेलं. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डावीकडूनच चालतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं बोलणं आणि मेंदूचा डावा भाग यांचा संबंध १८६०च्या दशकात दाखवला, असलं काहीबाही मी तेव्हा रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसायचो. त्यानं आजार समजला. आई आत शाबूत आहे, तिला आपलं सगळं कळतंय, हे मात्र तुम्ही आल्यावर उमगलं. तोवर सगळे तिच्या अंगावरून एकमेकांशी बोलत होते, "पेशंटला वळवा", "पेशंटनं खाल्लं का?" तुम्ही आलात, हात धुतलेत, एकमेकांवर चोळून गरम केलेत, तिला दिसाल अशा समोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आई, आता तुमचा खांदा धरते हं. धरू ना?" आणि थांबलात. आईनं मान हलवली, मगच हात लावलात.

गोड बोलणारी माणसं त्या महिन्यात पुष्कळ येऊन गेली. बिचारी म्हणाली, डोळे पुसले, केळी ठेवून गेली. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्यातल्याच एकानं तिला उठवायला लुळा हात धरून ओढला, तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. स्नायूंची पकड गेली की खांद्याचा सांधा नुसत्या ओढण्यानंही खाली सरकतो, हे तुम्ही आम्हाला आईच्याच खांद्यावर बोट ठेवून समजावलंत. गाऊन घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना तो सगळ्यांत शेवटी. बिछान्यात वर सरकवायचं तर दोघांनी खालच्या दुहेरी चादरीसकट उचलायचं. अंग फरपटलं तर कातडी सोलवटते आणि मग जखमेला वाट मिळते. दर २ तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. यातलं एकही काम नाजूक दिसत नाही. पण तुमचा हात लागला की आईच्या कपाळावरची आठी जायची आणि आमचा लागला की यायची. त्या आठीवरूनच मी शिकत गेलो. मृदूपणा मी आजवर स्वभाव समजत होतो, काहींना तो असतो, काहींना नसतो. तुमच्याकडे पाहून कळलं की त्यातला बराचसा भाग कसब आहे, शिकता येण्याजोगं.

मामी देवाचं तीर्थ घेऊन आल्या तो दिवस आठवतो? आई आडवी होती आणि मामींनी पळी थेट ओठांशी नेली. तुम्ही त्यांचं मनगट धरलंत. "आधी उठवून बसवू या, मग द्या." गिळणं बिघडलेल्या माणसाला साधं पाणीच सगळ्यांत धोक्याचं, घशातून सटकन श्वासनळीत जातं, म्हणून तिचं सगळं पेजेसारखं दाट करून, ताठ बसवून, हनुवटी छातीकडे झुकवून, अर्धा अर्धा चमचा. एक घास गेल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि शेवटी उजव्या गालात शीत अडकलं नाही ना ते बघायचं. मामी रुसल्या. रुसू देत. आईला बसतं केल्यावर तुम्हीच त्यांच्या हातून तीर्थाचा एक दाट थेंब तिच्या जिभेवर ठेववलात, हे त्या सोयीनं विसरतात.

आमच्या नात्यात तुम्हाला "फार सोशिक बाई" म्हणतात. मला ते पटत नाही. ब्यूरोनं पगार अडकवला तेव्हा तुम्ही फोनवर जे सुनावलंत ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलंय. एका पाहुण्यानं "ए बाई, चहा टाक" म्हटल्यावर "मी पेशंटसाठी आहे, चहा तुमच्या घरचे देतील" हेही तितक्याच सरळ आवाजात ऐकलंय. मुकाट सोसणाऱ्या माणसाच्या हाताला एक दिवस तरी राग लागतोच. तुमच्या हाताला तो कधी लागला नाही, याचं कारण तुम्ही तो तोंडानं, जिथल्या तिथे, मोकळा करत होतात.

आई कधी कधी विनाकारण रडायची. आम्ही घाबरून काय झालं, काय झालं करायचो. झटक्यानंतर रडू-हसू असं आपोआप सुटतं, त्याचं कारण विचारून तिलाच शिणवू नका, म्हणालात आणि शेजारी बसून घड्या घालत राहिलात. तिला काही सांगायचं असलं की शब्द तोंडात घालायचा नाही, थांबायचं, हेही तुमचंच. किती लांब वाटतात ते क्षण! मी बँकेत काउंटरवर बसतो, समोरच्याचं वाक्य पुरं करायची मला सवयच. मग एका संध्याकाळी तुम्ही दिवा लावून सहज शुभंकरोती सुरू केलंत आणि स्वतःचं नावही सांगता न येणारी आई तुमच्यामागून सलग म्हणत गेली. लहानपणापासून घोकलेलं आणि सुरातलं असं बऱ्याचदा शाबूत राहतं, असं नंतर स्पीच थेरपिस्टनं सांगितलं. बाबा तेव्हा दारात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून दिवा लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि तुम्ही ते बिनबोभाट सोडून दिलंत.

आता तुम्ही दुसऱ्या घरी आहात. आई काठी घेऊन संडासापर्यंत जाते, डाव्या हातानं जेवते. तिची वेणी मी घालतो. सैल होते, पण तक्रार नाही. तुमचे आभार मानायचे तर ब्यूरोच्या बिलात त्याला रकाना नव्हता आणि निरोपाच्या दिवशी साडी देऊन ते फिटले असं आम्हा भावंडांपैकी कुणालाच वाटलं नाही.

म्हणून एक ठरवलंय. लेकीला नर्सिंगला घालायचंय म्हणत होतात ना? तिचं बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला घेऊन रविवारी दोघी या. फॉर्म मी भरून देतो, पहिल्या वर्षाची फी ताई आणि मी भरणार आहोत. त्यावरून वाद घालायचा असेल तर आईशी घाला. "नाही" हा शब्द तिला आता छान येतो.

तुमचा,
आईचा धाकटा