बाबा, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलंत ना, की अमेरिकेतल्या शाळांत गोळीबारात एवढी पोरं मरतायत तर मास्तरांनाच का नाही देत बंदुका, आणि मी म्हटलं नंतर बोलू. ते नंतर काही आलंच नाही, कारण हा विषय निघाला की आई घाबरते, तुम्ही चिडता आणि मी अर्धवट काहीतरी बोलून फोन ठेवते. म्हणून लिहूनच पाठवतेय. लांबलचक होणार आहे, एका बैठकीत नाही झालं तर दोनदा वाचा.

आधी आईचं. आई, तू विचारलंस, "काय गो, थंय पोरां बंदूक घेवन कॉलेजात येतत?" तर येतात, पण तुझ्या ग्रुपवरच्या व्हिडिओत दाखवलं तसं खांद्यावर रायफल टाकून नाही. टेक्सासमध्ये २०१५ साली कायदा झाला, इथे त्याला कॅम्पस कॅरी म्हणतात. लायसन्स असेल त्याला हँडगन लपवून, म्हणजे शर्टाखाली नाहीतर बॅगेत, सरकारी युनिव्हर्सिटीच्या वर्गात आणता येते. उघडी दिसली तर गुन्हा. १ ऑगस्ट २०१६ पासून मोठ्या युनिव्हर्सिट्यांना लागू झाला, वर्षभराने कम्युनिटी कॉलेजांना. लायसन्ससाठी चार ते सहा तासांचा क्लास आणि ५० गोळ्यांची नेमबाजीची टेस्ट, झालं. बाबा, आजोबांच्या नंतर तो बंदुकीचा शेतीसंरक्षणाचा परवाना तुमच्या नावावर करून घ्यायला तुम्ही किती चपला झिजवल्या होत्या ते आठवा.

प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांना मात्र 'आमच्याकडे नको' म्हणायची मुभा ठेवली होती, आणि राइस, बेलर, एसएमयू सगळ्यांनी नको म्हणून टाकलं. ज्यांना नाही म्हणता येत होतं ते जवळपास सगळे नाही म्हणाले, यावरून काय ते समजा.

आणि तारीख बघा. बरोब्बर ५० वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ ला, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत एक माजी सैनिक टॉवरवर चढून तासभरापेक्षा जास्त वेळ खालच्या लोकांवर गोळ्या झाडत होता. योगायोग आहे म्हणतात, असेलही. गंमत म्हणजे त्या दिवसाचा दाखला दोन्ही बाजूचे देतात. एक म्हणतात बघा, खालून साध्या लोकांनी घरून रायफली आणून टॉवरवर गोळ्या मारल्या म्हणून त्याला मान वर काढता येईना, दुसरे म्हणतात शेवटी त्याला संपवलं ते जिना चढून गेलेल्या पोलिसांनीच.

आता माझ्या वर्गाचं. मी स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यावरून कोण कोणाला मारणार, पण मार्कांवरून वाद होतोच, आणि मार्क कमी पडून स्कॉलरशिप जायची वेळ आली की मुलं खरंच वेडीपिशी होतात. गेल्या सेमिस्टरला असाच एक मुलगा ऑफिसात आला, आल्या आल्या दार लावून घेतलं, समोर बसला, डोळे लाल, बॅग मांडीवर, आणि बोलता बोलता त्याने बॅगेत हात घातला. हात आतच. काहीतरी शोधत होता. मी त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मनगटाकडे बघत होते, आणि टेबल आणि खिडकी यात माझी खुर्ची कशी अडकलीये ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्याने पेपर काढला, चुरगळलेला, तिसऱ्या प्रश्नाचे मार्क धरले नाहीत म्हणून. बघितलं, धरले होते, त्याला समजावून सांगितलं, तो थँक यू म्हणून गेला. बिचाऱ्याला कल्पनाही नसेल. त्याच्याकडे बहुतेक काहीच नव्हतं, पण मला विचारता येत नाही आणि त्याच्यावर सांगायचं बंधन नाही. हल्ली दार उघडं ठेवते.

बाबा, तुम्ही म्हणाल ही तुझ्या मनातली भीती झाली. कोर्टानेही साधारण तेच म्हटलं. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या होत्या की वर्गात बंदूक असू शकते या विचाराने आम्ही मोकळेपणाने शिकवू शकत नाही, २०१८ मध्ये अपील कोर्टाने ते उडवून लावलं, दुसरा कोणी काय करेल या अंदाजावर खटला उभा राहत नाही म्हणे. कायदेशीर भाषेत बरोबरच असेल. पण २०१६ मध्ये ह्यूस्टन युनिव्हर्सिटीच्या फॅकल्टी सिनेटने प्राध्यापकांना ज्या स्लाइड दाखवल्या त्यात लिहिलं होतं की नाजूक विषयांवर बोलताना जपा, काही विषय अभ्यासक्रमातून काढून टाकायचा विचार करा, मुलगा चिडलाय वाटलं तर त्या वाटेला जाऊ नका. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच अर्धं शिकवणं बंद. ऑस्टिनचे आर्किटेक्चरचे डीन तर नोकरी सोडून पेनसिल्व्हेनियाला निघून गेले. (ऑस्टिनच्या विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून बॅगांना काय लटकवलं होतं ते पत्रात लिहिता येणार नाही. बाबा, तुमच्या जावयाला, मंदारला विचारा, आईसमोर नको.)

पण एक मान्य करायला हवं, विरोधकांनी भाकीत केलं होतं तसे वर्गावर्गात गोळीबार काही झाले नाहीत. एका हॉस्टेलमध्ये चुकून गोळी सुटली, कोणाला लागली नाही. आणि बंदूक बाळगणारे सगळे माथेफिरू असतात असंही नाही. माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक बाई होती, नर्स, दोन मुलं, वर्ग रात्री सव्वानऊला सुटायचा आणि तिची गाडी पार पलीकडच्या पार्किंगमध्ये. तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे लायसन्स आहे, आधीच्या नवऱ्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे पण तो कागद पार्किंगमध्ये माझ्या काय कामाचा. मला उत्तर सुचलं नाही. व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीत २००७ मध्ये गोळीबारात ३२ जण मारले गेले, त्यात आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनी होती आणि लोगनाथन नावाचे तमिळ प्राध्यापकही. त्यानंतरच विद्यार्थ्यांची एक संघटना उभी राहिली, त्यांचं म्हणणं एवढंच की तिथे एकाकडे जरी बंदूक असती तर. माणूस वर्गात कोंडला जाऊन मरतो हे ऐकल्यावर कोणालाही तसं वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण कॉलेज वेगळं आणि माझ्या ईशानची शाळा वेगळी, आणि तुमचा प्रश्न शाळेबद्दल होता.

उवाल्डे आठवतंय का, टेक्सासमधल्या त्या गावातल्या शाळेतला गोळीबार, मे २०२२, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. १९ लहान मुलं आणि २ शिक्षिका. त्या शाळेत एकूण ३७६ पोलीस पोचले होते, हो तीनशे शहात्तर, हत्यारं, चिलखतं, ढाली सगळं घेऊन, आणि तरी पहिले पोलीस आत शिरल्यापासून हल्लेखोराला मारेपर्यंत ७७ मिनिटं गेली. आतून मुलं फोन करत होती. फ्लोरिडात पार्कलँडला २०१८ मध्येही शाळेवर नेमलेला बंदूकधारी पोलीस होता, तो बाहेरच थांबला, आत १७ जण मारले गेले. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांची ही गत, आणि पहिलीच्या बाईंनी मात्र खडू खाली ठेवून त्याच हाताने अचूक नेम धरायचा.

तरी उवाल्डेनंतर टेक्सासने २०२३ मध्ये कायदा केला की प्रत्येक शाळेत एक हत्यारी माणूस पाहिजे. तेव्हा सरकारने पैसे किती ठरवले, तर शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि वर मुलामागे १०. तेवढ्यात इथे पोलीस मिळत नव्हता. मग पळवाट अशी की पोलीस नसेल तर शाळेतल्याच कोणाला तरी ट्रेनिंग देऊन बंदूक द्या. आमच्या स्कूल बोर्डापुढे, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या निवडून दिलेल्या मंडळापुढे, आता तेच आलंय. म्हणजे बाबा, तुम्ही फोनवर जे विचारलंत ते इथे फुकट मिळणारं उत्तर म्हणून समोर ठेवलंय.

ईशानच्या शाळेत दर थोड्या महिन्यांनी ड्रिल असतं. 'लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट', हे त्याला बडबडगीतासारखं पाठ आहे. दार लॉक, दिवे बंद, भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प. आई, तू गणपतीत घेऊन दिलेले चालताना लाल लाइट लागणारे बूट तो शाळेत का घालत नाही विचारलं होतंस ना, मी म्हटलं घट्ट होतात. घट्ट होत नाहीत गं. ड्रिलमध्ये कोपऱ्यात बसल्यावर त्याचा पाय हलला आणि अंधारात ते लागले, तर शेजारच्या मुलीने त्याच्या बुटांवर स्वतःचं जॅकेट टाकलं. सहा वर्षांची मुलगी. ते त्याने मला घरी येऊन अगदी मजेने सांगितलं.

त्याच्या बाई पन्नाशीच्या आहेत, गोऱ्या, टेक्सासमध्येच वाढलेल्या, लहानपणापासून वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जायच्या, बंदूक त्यांना नवीन नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मला नकोय. कारण काय, तर सकाळी दारात उभी असते तेव्हा बावीस पोरं येऊन कमरेला मिठी मारतात, त्यांचे हात बरोब्बर तिथेच येतात. मग म्हटलं ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली तर? हसल्या. कुलूप उघडेपर्यंत काय त्या माणसाला थांब म्हणू?

आणि विसरतं माणूस. रायझिंग स्टार म्हणून टेक्सासमधलंच छोटं गाव, तिथल्या शाळांचा मुख्य अधिकारी २०२३ मध्ये आपली बंदूक शाळेच्या बाथरूममध्ये विसरला, ती सापडली तिसरीतल्या पोराला. आयडाहोत २०१४ मध्ये असाच कॅम्पस कॅरीचा कायदा लागू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत एका प्राध्यापकाच्या खिशातली बंदूक भर वर्गात सुटून त्याच्याच पायाला लागली. हे काही वाईट लोक नव्हते. मोबाइल आणि चष्मा विसरतात तशी माणसं.

बाबा, तुमच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी होत्या. हायस्कुलात मास्तर, आणि घरात आजोबांची काडतुसाची बंदूक. ती कुठे असायची? माळ्यावर कापडात गुंडाळलेली, काडतुसं आजीच्या ट्रंकेत, ट्रंकेची चावी आजीच्या कमरेला. भात पोटरीला आलं आणि रानडुकरं उतरायला लागली की खाली यायची, बाकी वर्षभर ती आहे हे आम्हाला आठवायचंही नाही. निवडणूक लागली की ठाण्यात जमा, आणि तुम्ही करवादायचात की आता डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार. ती बंदूक पिशवीत घालून तुम्ही दहावी ब वर गेला असतात का? तुमच्या वर्गात पण नापास होणारे, बापाचा मार खाऊन आलेले, मागच्या बाकावर धुमसत बसणारे होतेच की. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना व्हरांड्यात न्यायचात तेव्हा तुमच्या कमरेला काही असतं तर ती पोरं तुमच्याशी तशी बोलली असती का, हे तुम्हीच मला सांगा.

इथे शाळेत गोळीबार करणारी अल्पवयीन पोरं बहुतेक वेळा बंदूक घरातूनच आणतात, बापाची, मामाची, आजोबांची. मिशिगनमध्ये २०२१ ला एका पंधरा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं, बंदूक त्याला वडिलांनीच घेऊन दिली होती. २०२४ मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांना दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मला विचाराल तर मास्तरांच्या कमरेपेक्षा घराघरातल्या त्या कपाटांकडे आधी बघायला पाहिजे, कुलपाचे कायदे कडक करायला पाहिजेत, पण टेक्सासमध्ये हे म्हटलं की लोक असे बघतात जसं काही त्यांचं घरच मागितलं.

मंदारचं मत माझ्याहून थोडं वेगळं आहे, लपवत नाही. २०२३ मध्ये इथल्या ॲलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला, ८ जण गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर होती. आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक त्या मॉलमध्ये जातात. तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे की घरात एक असावी. आणि घेता येते! ग्रीन कार्डवर आम्हाला मत देता येत नाही, स्कूल बोर्डाला कोण निवडायचं यात आमचा काही संबंध नाही, पण दुकानात जाऊन बंदूक विकत घेता येते. मी त्याला म्हटलं आणायची असेल तर आधी काडतुसं ठेवायला माझ्या आजीसारखी बाई शोध. सध्या विषय तिथेच थांबलाय.

बोर्डाच्या मीटिंगला मात्र कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं, मताची अट नाही. मी नाव दिलंय. पुढच्या महिन्यात आहे. ईशानच्या बाईंना स्वतः बोलायचं नाहीये, नोकरीचा प्रश्न आहे, पण मिठीचं सांग म्हणाल्या, नाव घेऊ नकोस. बाबा, तुमचा आणि त्या दहावी ब चा उल्लेख केला तर चालेल ना? नाही म्हणालात तरी बहुतेक करेन.

परत यायचं म्हणशील तर आई, नाही, इतक्यात नाही. माझं टेन्युअर होऊ दे, म्हणजे नोकरी कायम होऊ दे, मग बघू. मे महिन्यात येतोयच. आणि ते व्हिडिओ प्लीज फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, मला एकटीला पाठव, ईशानच्या टॅबवर तोच ग्रुप उघडा असतो आणि त्याला आता मराठी वाचता येतं.

तुमची,
मेधा