कपाटात आमची पोरं नाहीत: ग्रामीण विकास व पंचायत राज मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
ग्रामीण विकास व पंचायत राज खाते,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु.

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितो आहे. कन्नड प्रत टपालाने वेगळी धाडली आहे. ती माझ्या सुनेने करून दिली. सून बैलहोंगलची. तिचं कन्नड इतकं मऊ की माझ्या तक्रारीची तिने विनंती करून टाकली. मूळ चव हवी असेल तर हेच कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आयुष्य मराठी शाळेत गेलं. आता दर शनिवारी दुपारी एका ग्रामपंचायतीच्या अरिवु केंद्रात, म्हणजे गावच्या वाचनालयात, बसतो आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. पगार नाही, हुद्दा नाही, चहा तिथल्या ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई पाजतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र छापून आलं की पहिली नोटीस त्या बाईंनाच जाईल, आणि यात त्यांचा काडीचा दोष नाही.

2019 साली खेड्यांतली वाचनालयं आपल्या खात्याकडे आली. पुढच्याच वर्षी ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा उजेड) मोहीम निघाली आणि शाळकरी मुलांना फुकट सभासद करून घेतलं गेलं. मी सरकारी योजनांना नावं ठेवण्यात हयात घालवलेला माणूस आहे, पण ही योजना चांगली आहे हे लिहून देतो. राज्यभर साडेपाच हजारांहून जास्त गावांत पोरांना बसायला जागा झाली. आमच्याकडे जून-जुलैत खानापूरच्याच कौलांवर असा पाऊस कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा पोरं अंगावर पोतं पांघरून येतात आणि दाराशी चपलांचा ढीग पडतो. मुलं येतात. अडतं ते कपाटाशी.

कपाटात आहे काय? कन्नड गोष्टींची पुस्तकं आहेत, बरी आहेत. मराठी म्हणाल तर कुणाकुणाच्या देणगीतून आलेली, आणि बहुतेक सगळी चरित्रं. राणी चन्नम्मा, शिवाजी महाराज, विवेकानंद, कलाम. संगोळ्ळी रायण्णा तर आमचाच म्हणायचा. 1831 साली त्याला फाशी दिलं ते नंदगड आमच्याच तालुक्यातलं. चरित्रांशी माझं भांडण नाही. मात्र त्यातली मुलं वयाच्या पाचव्या वर्षापासून थोर असतात आणि अशा मुलांचा मला वर्गातही कधी भरवसा वाटला नाही. राहिलेली पुस्तकं शहरातली. एकदा चौथीतली एक मुलगी असंच एक चित्रांचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. ती गवळी-धनगरांच्या वाड्यावरची, शाळा सुटली की म्हशींमागे जाणारी. पुस्तकातल्या मुलीची स्वतःची खोली होती, पलंग होता, उशाला दिवा होता. वाचता वाचता ही थांबली. चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं,

“ही येकटीच झोपत्या? हिला आई न्हाई काय ओ गुर्जी?”

बाकीची पोरंही चित्र बघायला पुढे सरकली. मुलीला आई आहे, ती शेजारच्या खोलीत आहे, असं मी सांगितलं. त्यावर एकाने विचारलं, मग भांडलीत काय?

लेखकाच्या हे ध्यानीमनीही नसणार. त्याने एका सुखी घराचं चित्र काढलं, आमच्या पोरांना त्यात अनाथ मुलगी दिसली. परक्या घरातली पुस्तकं मुलांनी वाचावीतच. दुसऱ्याचं घर आतून बघायला मिळणं ही चैनच आहे. खरं सगळीच पुस्तकं दुसऱ्याच्या घरातली असली, तर पोराला एक दिवस वाटायला लागतं की गोष्ट घडायला आपलं घर चालत नाही.

वर मी ‘खरं’ लिहिलं, ते चुकून नाही. आमच्या भागात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. आलो असतो खरं पाऊस होता. नोकरीत असताना वहीतल्या अशा प्रत्येक ‘खरं’खाली मी लाल रेघ मारत आलो. परीक्षेत ‘पण’ लिहावं असंच मी आजही सांगेन. गोष्टीच्या पुस्तकात आई जे बोलते तेच छापावं. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन हा पोरगा आमच्या भागाची बोली घेऊन थेट पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत पोचला, खरं त्या कथा मोठ्यांच्या वाचनाच्या आहेत. सात वर्षांच्या पोराच्या हातात द्यायला तसं काही नाही.

आमच्या जिल्ह्यात कोणकोणती पोरं आहेत, याची यादी एखाद्या प्रकाशकाने मागितली तर मी उभ्या उभ्या देईन. निपाणीत आईच्या सुपाशेजारी बसून विडीचा दोरा गुंडाळणारी आहेत. वडगाव-शहापूरला यंत्रमागाच्या खडखडाटात पाढे पाठ करणारी आहेत. चिकोडी-अथणीकडे ऊसतोड टोळ्यांबरोबर येऊन फडाच्या कडेला पालात राहणारी आहेत, त्यांचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर असतं ते देव जाणे. घरी दखनी, गल्लीत मराठी, शाळेत कन्नड बोलणारी मुसलमान पोरं आहेत. कुबड्या घेऊन शाळेत येणारं, सगळ्यांच्या आधी पोचणारं एखादं असतंच.

सिद्दी पोरांवर मला जरा जास्त लिहायचं आहे. यल्लापूर-हल्याळच्या जंगलात सिद्दी आहेत हे पुष्कळांना ठाऊक असतं. आमच्या खानापूर तालुक्यातही आहेत हे बेळगाव शहरातल्यांनाही सांगावं लागतं. कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची ही लेकरं. आज त्यांच्या तोंडी कोकणी, मराठी, कन्नड, सगळं. 2020 साली शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले आमदार. सभागृहात जागा झाली, पुस्तकात अजून व्हायची आहे. कुरळ्या केसांचं, काळ्या रंगाचं पोर आमच्या कपाटातल्या पुस्तकांत मी एकदाच बघितलं, जगाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकात, आफ्रिका खंडाच्या पानावर. ते पान उघडल्यावर वर्गातली सगळी पोरं एका सिद्दी मुलाकडे वळून बघतात. तो हसतो. ते हसणं कसलं हे शिक्षकाला कळतं. त्याला विहिरीत पोहताना, गणपतीच्या आरतीला घंटा वाजवताना, गृहपाठ केला नाही म्हणून थापा मारताना कुणीतरी चितारावं. त्याच्या आजाच्या आजाचा इतिहास नंतर सांगता येईल.

अशी पुस्तकं देशात निघतच नाहीत असं मुळीच नाही, आणि म्हणून तर हे पत्र. बेंगळूरुतच 2004 पासून प्रथम बुक्स ही संस्था काम करते. 2015 मध्ये तिने स्टोरीवीव्हर सुरू केलं. त्यावर कन्नड आणि मराठीसकट कितीतरी भाषांतल्या मुलांच्या गोष्टी चित्रांसह मोफत आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव नीट दिलं तर त्या छापायला, भाषांतर करायलाही मुभा आहे. चेन्नईचं तुलिका प्रकाशन वर्षानुवर्षं दोन भाषांतली पुस्तकं एकत्र छापतं, इंग्रजीशेजारी मराठी, इंग्रजीशेजारी कन्नड. मराठीशेजारी कन्नड असलेलं मुलांचं पुस्तक मात्र माझ्या हाती अजून लागलेलं नाही. ज्या दोन भाषा इथे एकाच चुलीपुढे बसतात, त्या एका पुठ्ठ्यात बसायला लाजतात.

मी स्वतः काही गोष्टी खानापुरात झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या छापून, मध्ये दोन पिना मारून नेल्या. पोरांनी पहिल्या शनिवारी वाचल्या, दुसऱ्या शनिवारी खडूने रंगवल्या, तिसऱ्या शनिवारी पिना निघाल्या. म्हणजे पुस्तक वापरलं गेलं. मग आम्ही आमचीच एक गोष्ट रचायला घेतली, हरवलेल्या म्हशीची. म्हैस शोधायला कोण जाणार यावर तासभर वाद झाला. मुलगे म्हणाले मुलगा जाणार. वाड्यावरची ती मुलगी एवढंच म्हणाली की म्हैस तुमच्या हाकेला येणार नाही. वाद मिटला. तिने हाक मारूनही दाखवली. ती कशी लिहायची हे मला अजून सुटलेलं नाही, देवनागरीत बसत नाही. कन्नड लिपीतही बसली नाही, सुनेने प्रयत्न केला.

तेव्हा मागणं असं. सीमाभागातल्या तालुक्यांच्या अरिवु केंद्रांसाठी आपलं खातं पुस्तकं घेतं तेव्हा मुलांच्या मराठी पुस्तकांचा ठरलेला वाटा असावा, आणि निवडताना इथल्या दोन-चार शिक्षकांना विचारावं. सरकारी खरेदीत पुस्तकं किलोवर घेतल्यासारखी येतात, मग कपाटात आठवीच्या निबंधांचे गठ्ठे साचतात. दुसरं, इथल्या मुलांवरची नवी पुस्तकं इथेच करून घ्या. सोळा पानं पुरतात. अक्षर ठसठशीत, पानाला दोन-तीन ओळी, शिलाई मधोमध, म्हणजे सहा पोरं डोकी खुपसून एकदम वाचू शकतात. बेळगावात चित्रकार आहेत, छापखाने आहेत. लिहिणारी माणसं तर इतकी की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. त्यांना योग्य मानधन द्या. फुकट केलेल्या कामाला फुकटाची कळा येते. पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर 1965 च्या ग्रंथालय कायद्याने मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर बसवला आहे. माझ्या घरपट्टीतून तो जातो, पावत्या जपून ठेवल्या आहेत.

ओरड होईल, दोन्हीकडून. कर्नाटकाच्या पैशाने मराठी पुस्तकं कशाला, असं काही जण विचारतील. मराठी पुस्तकात कन्नड घुसवता काय, असं आमचे काही जण विचारतील. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, बेळगावात एका गल्लीत मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस असतो आणि दुसऱ्या गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक. मी दोन्हींच्या मधल्या बोळातून सायकल काढून घरी आलेला माणूस आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यावर माझं मत आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही. पोरं त्या निकालापर्यंत सात वर्षांची राहणार नाहीत, म्हणून तो विषय इथे काढत नाही. पहिल्या ओरडीला उत्तर द्यायला द. रा. बेंद्रे पुरेत. 1973 चं ज्ञानपीठ ज्यांच्यामुळे कन्नडला मिळालं, त्यांच्या घरची भाषा मराठी होती. दुसऱ्या ओरडीला उत्तर कुमार गंधर्व. 1924 साली सुळेभावीत एका कन्नड घरात जन्मलेला शिवपुत्र, शाळकरी वयात मैफली गाजवणारा, पुढे मराठी माणसाने त्याला आपलाच मानला. थोर मुलांवर माझा राग आहे हे वर लिहिलंच आहे, पण हे पोर अपवाद. याच्यावरचं पहिलं दोन भाषांतलं पुस्तक निघालं तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

आणि पानावर कुठली लिपी वर, कुठली खाली, यावरून बैठक मोडणार हे मला आत्ताच दिसतं आहे. त्यावर माझ्याकडे तोडगा आहे. पुस्तक एका बाजूने मराठी छापायचं. उलटं करून मागून उघडलं की कन्नड. दोन्ही गोष्टी मधल्या पानावर भेटतील, तिथे नुसतं चित्र, अक्षर एकही नाही. दोन मुखपृष्ठं झाली म्हणजे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना प्रकाशनाचा फोटोही वेगवेगळा काढता येईल. माझ्या नातवाला हे एकदम पटलं. तो बैलहोंगलला अज्जीकडे कन्नडमध्ये भांडतो आणि आमच्याकडे मराठीत, आणि कुठली बाजू उलटी हे त्याला विचारावं लागत नाही.

डिसेंबरात अधिवेशनाला आपण बेळगावात येताच. सुवर्णसौधातून खानापूर तासाभराच्या आत येतं. एखाद्या शनिवारी दुपारी दोननंतर या. आधी कळवू नका. कळवलंत तर कपाट पुसलेलं दिसेल, नवी पुस्तकं कुठूनतरी उसनी आणून मांडलेली दिसतील, आणि पोरांना गणवेशात उन्हात उभं केलेलं असेल. नुसतं या, चटईवर बसा. कन्नडमध्ये एखादी गोष्ट वाचून दाखवलीत तर आमच्या पोरांना समजते.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव

ता. क. हरवलेल्या म्हशीची गोष्ट अजून अर्धीच आहे. म्हैस जांबोटीच्या रानात पोचली, पुढे अस्वल घालायचं की वनखात्याचा माणूस, यावर पोरांचं एकमत होत नाही. आपण याल त्या शनिवारी मतदान घेऊ.