लूना विकून आणलेली पेटी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. मी नोकरी सोडली. पुढच्या महिन्यापासून दोन वर्षं फक्त ऑपेराचं गाणं शिकणार. फी भरून झालीय, ग्रीन कार्ड आहे, विमाही चालू ठेवलाय. खोली उबदार आहे, कोपऱ्यावर ज्वारीचं पीठ मिळतं. आई, मी उपाशी राहत नाहीये.

बाबा, तुम्ही म्हणाल, या वयात? लिऑन्टीन प्राइस ही गायिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभी राहिली ती २७ जानेवारी १९६१ला, ‘इल त्रोवातोरे’मध्ये. तेहतीस वर्षांची होती. अर्ध्या तासाहून जास्त वेळ टाळ्या थांबल्या नाहीत! मिसिसिपीतल्या लॉरेल गावची कृष्णवर्णीय मुलगी. वडील लाकडाच्या गिरणीत, आई सुईण आणि चर्चमध्ये गाणारी. प्राइस आधी संगीतशिक्षिकाच व्हायला निघाली होती. पण मला खरं रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीने. लेकीला पियानो हवा म्हणून त्या दोघांनी घरातला फोनोग्राफ देऊन टाकला, पियानोच्या पहिल्या हप्त्यापोटी. वाचलं आणि लूना आठवली. बाबा, त्यानंतर तुम्ही किती वर्षं स्टँडपर्यंत चालत गेलात, ते मी कधी विचारलंच नाही.

प्राइसचा १९८५चा निरोपाचा ऑपेरा, ‘आयडा’, पाहिलाय मी. नाईलच्या काठी दासी झालेली राजकन्या, आता मायदेश पुन्हा दिसायचा नाही म्हणून गाते. गाणं संपतं, टाळ्या काही मिनिटं थांबत नाहीत. ती भूमिका न सोडता उभी, नुसते ओठ थरथरतात. मला तेव्हा आपलं मागचं दार दिसलं, आणि पहाटे दळण निवडताना गुणगुणणारी आई. आई, तुझ्या कुशीत डोकं खुपसून ऐकायचे ना मी? गाणं तिथेच लागलं गं मला.

तुमच्याकडे यायचं लांबलं असं मनात आणू नका. मे महिन्यात येतेच आहे, तिकीट काढलंय. दरमहा पैसे येतील तसेच येतील, त्यात काटकसर करायची नाही. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरलो म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आई, मोतीबिंदूचं आता पुढे ढकलू नकोस, मी आले की करून टाकू. ओल्या अंगणात चपलेशिवाय जायचं नाही, दोघांनीही.

रविवारी फोन करीन. पेटी काढून ठेवा. काळी चार अजून अडकते का, बाबा, वाजवून ऐकवा.

तुमची,
छोटी