रेड अलर्ट फुकट गेला म्हणून साहेबांना धरू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रेड अलर्ट आला, शाळांना सुट्टी दिली आणि दिवसभर ऊन पडलं की आमच्या चिपळुणात लगेच मेसेज फिरतात, हवामान खात्याला काय कळत नाय म्हणून. हसायला काय जातंय, पण दोनदा असं हसं झालं की सुट्टीवर सही करणारा साहेब तिसऱ्यांदा म्हणणारच ना, थांबा जरा बघू. ह्या 'बघू' चीच मला भीती वाटते.

आमच्या तालुक्यातल्या तिवरे धरणाला गळती आहे हे गाववाले आधीपासून सांगत होते, पण फुटणारच असं छातीठोक कोण सांगणार, म्हणून बघू बघू करत २ जुलै २०१९ ची रात्र आली आणि धरण फुटलं. नंतर धरण खेकड्यांनी पोखरलं म्हणत खापर खेकड्यांवर फुटलं (खेकडे बिचारे पत्र लिहीत नाहीत). उलट निसर्ग वादळाच्या वेळी ३ जून २०२० ला किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवली, घरांचे पत्रे, नारळी-पोफळी सगळं गेलं पण माणसं बरीचशी वाचली. वादळ तेव्हा वळलं असतं तर ह्याच कामाला आपण उधळपट्टी म्हटलं असतं.

आणि पुराचं तर अजून किचकट आहे, घाटातला पाऊस, कोळकेवाडी धरणाचं पाणी, नदीतला गाळ, दाभोळ खाडीची भरती, प्रत्येकाचं खातं वेगळं, पाणी मात्र दुकानात एकदमच येतं. २००५ ला आलं, २०२१ ला आलं. पाणी कुठवर येईल ते दाखवणाऱ्या पूररेषा आखतात, त्यातली लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असं सांगतात आणि लोक ऐकून निर्धास्त होतात. अहो, त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांचं कर्ज काढून घर बांधलं तर हप्ते फिटेपर्यंत तेवढा पूर यायची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेचा पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर धरला तर साधारण ७१ टक्के. हे असं सरळ सांगा की, आम्ही व्यापारी आहोत, टक्केवारी कळते.

माझं म्हणणं एवढंच, नदी कुठल्या पातळीला गेली की भोंगा वाजवायचा आणि बाजार बंद करायचा हे एप्रिल-मे मध्येच सगळ्यांना बसवून ठरवा, व्यापारी, कोळी, वाडीतल्या बायका, धरणवाले सगळे. मग रात्री दोनला कोणाच्या सहीसाठी थांबायला नको. आणि भोंगा फुकट वाजला तर त्या दिवशी टोपली परत नेणाऱ्या मासेवालीला थोडी भरपाई द्या, म्हणजे पुढच्या भोंग्याला तीच सगळ्यात आधी उठेल. त्यासाठी नगरपालिकेच्या बजेटात एक ओळ टाका.

एक दुकानदार, चिपळूण