पंचवीस अंशांपुरत्या शांत स्विचबाबत तक्रार

भुसावळ, जिल्हा जळगाव

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘लहान, शांत, वेगवान’ असे छापून घरगुती वापरासाठी विकलेल्या दहा गिगाबिट नेटवर्क स्विचची पूर्ण किंमत परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले शेवटचे बोलणे आटोपून फोन खाली ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतले. बिलाची प्रत, अनुक्रमांक आणि तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत. स्विच, म्हणजे घरातली संगणकयंत्रे केबलने एकमेकांना जोडणारी ही पेटी, कोणता, हे आपणांस वर्णन करून सांगण्याची गरज नसावी. केबल लावायच्या खाचा, म्हणजे पोर्ट, चार २.५ गिगाबिट वेगाचे आणि दोन दहा गिगाबिटचे असलेले, टेबलावर ठेवण्याजोगे असे आपले एकच मॉडेल आहे आणि त्याच्या खोक्यावर तीन शब्द ठळक अक्षरांत छापलेले आहेत. त्यांपैकी ‘लहान’ आणि ‘वेगवान’ हे दोन शब्द खरे आहेत. माझी तक्रार उरलेल्या शब्दाबद्दल आहे.

मी घरीच अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण आणि त्यांच्या व्हिडिओंचे संकलन करते. एका गाण्याचे तीन कॅमेऱ्यांवरचे चित्रण सहज दोनशे गिगाबाइट भरते. साध्या एक गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट सरकतात, म्हणजे एवढे चित्रण संगणकावरून साठवणयंत्रावर जायला अर्धा तास लागतो. २.५ गिगाबिटवर तेच काम सुमारे बारा मिनिटांत होते आणि दोन्हीकडे वेगवान एसएसडी असतील तर दहा गिगाबिटवर साडेतीन-चार मिनिटांत उरकते. लग्नसराईची गाणी लग्नसराईतच बाहेर पडावी लागतात, त्यामुळे आमच्या कामाचा हंगाम आणि खान्देशातला उन्हाळा हे दोन्ही एकाच वेळी येतात. वेग ही माझी हौस नाही, हे आपल्या प्रतिनिधींना समजावे म्हणून हा हिशेब दिला आहे. त्यांच्यापैकी एकाने ‘घरात एवढ्या स्पीडचं काय काम?’ असे मला विचारले होते. ज्या कंपनीने दहा गिगाबिटचा स्विच ‘घरासाठी’ म्हणून विकला, तिच्याच माणसाने हा प्रश्न विचारावा, ही गोष्ट आपण जाहिरात विभागाच्या कानावर घालावी.

कार्यालयांतून निघालेले जुने रॅकचे स्विच याहून बरेच स्वस्त मिळत होते. ते मी घेतले नाहीत, कारण त्यांत चाळीस मिलिमीटरचे पंखे असतात आणि तेवढ्याशा पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर फार वेगाने फिरावे लागते, ते कर्कश वाजतात. ज्या खोलीत माइक आहे त्याच खोलीत स्विच राहणार होता, कारण भिंतीतल्या सगळ्या नेटवर्क केबली तिथेच येऊन मिळतात. म्हणूनच मी आवाजाचा आकडा पाहून, जादा पैसे मोजून आपला स्विच निवडला. आकडा २२ डेसिबल होता. तो एक मीटर अंतरावरून आणि पंचवीस अंश तापमानाच्या खोलीत मोजलेला आहे, ही माहिती खोक्यावर नाही, पावतीवर नाही, पहिल्या पानावरच्या मोठ्या चित्राखालीही नाही. ती आपल्या संकेतस्थळावरील तांत्रिक तक्त्याच्या तळाशी, तारांकित टीपेत आहे.

डिसेंबर-जानेवारीत स्विच खरोखर शांत होता, हे मी नोंदवते. मार्च उजाडला तसा त्यातला पंखा जागा झाला आणि एप्रिलपासून दुपारभर तो पूर्ण वेगाने फिरतो. असे का होते हे आपल्या अभियंत्यांना माझ्याकडून शिकण्याची गरज नाही, पण ग्राहक सेवा विभागाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. दहा गिगाबिटच्या तांब्याच्या पोर्टांना, म्हणजे १०जीबेस-टीला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांवरचा गोंधळ निस्तरायला सतत गणित करावे लागते, म्हणून एकेक पोर्ट काही वॉट वीज खातो आणि तिची उष्णता होते. एसएफपी प्लस नावाच्या वेगळ्या प्रकारच्या खाचेत थेट तांब्याची छोटी जोडकेबल लावली तर तोच वेग एका वॉटच्या आत मिळतो, परंतु या मॉडेलमध्ये ती खाच आपण ठेवलेलीच नाही. आता ही उष्णता बाहेर पडायची ती पेटीच्या पत्र्यातून आणि पत्रा जितका बाहेरच्या हवेपेक्षा गरम, तितकीच ती बाहेर पडणार. पत्रा साठ अंशांवर असेल तर पंचवीस अंशांच्या खोलीत पस्तीस अंशांचा फरक मिळतो आणि चाळिशीच्या खोलीत फक्त वीस अंशांचा. शिवाय पेटी लहान, म्हणजे पत्राही थोडा. उरलेले सगळे काम त्या इवल्याशा पंख्यावर पडते. लहान, शांत आणि वेगवान या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत बसवायच्या तर बाहेरची हवा थंड असावी लागते, हे आपणांस ठाऊक होते. तरीही तिन्ही शब्द आपण छापले आणि हवेची अट टीपेत टाकली.

आता त्या संभाषणाविषयी. ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या दप्तरी त्याची नोंद एका ओळीत झाली असणार आणि ती ओळ काय असेल हे मला आलेल्या संदेशावरून कळले आहे.

प्रतिनिधीने प्रथम घरात दुसरे कोणी ‘टेक्निकल’ आहे का, असे विचारले. हा प्रश्न मी इथे केवळ नोंदवते. मग त्याने आमच्याकडचे तापमान विचारले. मी सांगितले की बाहेर ४५ अंश आहे. त्यावर तो विजयी स्वरात म्हणाला, ‘मॅम, आपल्या स्विचची मर्यादा चाळीस अंश आहे, त्यामुळे ही समस्या वॉरंटीत येत नाही.’ मी त्याला सांगितले की स्विच अंगणात ठेवलेला नाही. खोलीत कूलर असतो, खोलीचे तापमान ३३ असते. मुद्रणाच्या वेळी कूलर बंद केल्यावर ते ३६ पर्यंत चढते आणि आपला पंखा ३३ लाच पूर्ण वेग धरतो. स्विचच्या व्यवस्थापन पानावर चिपचे तापमान आणि पंख्याचा वेग दोन्ही दिसतात, त्यांची छायाचित्रे आधीच पाठवलेली आहेत.

‘कूलर म्हणजे पाण्याचा, मॅम? पिण्याच्या?’

मी त्याला वाळ्याचा कूलर समजावून सांगितला. पत्र्याचे खोके, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, पंप, पुढे पंखा. त्याने मला थांबायला सांगितले आणि बराच वेळ आपली जाहिरातीची धून ऐकवली, ज्यात स्विच शांत असल्याचे एक स्त्री अत्यंत शांतपणे सांगते. परत येऊन तो म्हणाला, ‘मॅम, कूलरमुळे दमटपणा वाढतो. दमट जागेत वापरल्यास वॉरंटी लागू होत नाही.’

म्हणजे कूलर नसेल तर उष्णतेमुळे वॉरंटी नाही आणि कूलर असेल तर दमटपणामुळे नाही. आपल्या माहितीपुस्तिकेत दमटपणाची मर्यादा नव्वद टक्के लिहिलेली आहे. भुसावळात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतात. कूलर लावूनही खोली त्या नव्वदच्या जवळपास फिरकत नाही. हे मी सांगितल्यावर त्याने जे उत्तर दिले, ते मी शब्दशः देते :

‘मॅम, मग कूलरचा आवाज तर स्विचपेक्षा जास्तच असेल ना? मग आपल्याला स्विचचा आवाज ऐकू कसा येतो?’

मी नुकतेच सांगितले होते की मुद्रणाच्या वेळी कूलर बंद असतो. गायिका घामाघूम होऊन, पंखासुद्धा न लावता, बंद दारांच्या खोलीत उभी राहते ती केवळ मुद्रणात दुसरा आवाज येऊ नये म्हणून. आणि त्या शांततेत आपला स्विच शीळ घालतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला सातशे ठोके होतात, म्हणजे सातशे हर्ट्‌झचा सलग सूर आणि त्याच्या पटीतले वरचे सूर. तो नेमका गळ्याच्या पट्टीत पडतो. संगणकावर तो गाळू गेले की त्याच्यासोबत आवाजातला जीवही गाळला जातो. हे सगळे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘रात्री काम करून पाहा, रात्री थंड असतं.’ दिवसभर तापलेला स्लॅब आमच्याकडे मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. जुन्या धाब्याच्या घरांत थंडावा असे हे खरे, पण खोक्यावर ‘घर’ छापताना आपल्या डोळ्यांपुढे धाब्याचे घर होते असे मला वाटत नाही.

शेवटी ‘आपलं समाधान झालं असेल तर पाच स्टार द्या’ असे म्हणून त्याने फोन बंद केला आणि पाठोपाठ संदेश आला की माझ्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कोणते निराकरण झाले, हे मला लेखी कळवावे.

पर्याय म्हणून याआधी आपल्याकडून मला बिनपंख्याचे दुसरे मॉडेल देऊ केले गेले. त्याचे सर्व पोर्ट एक गिगाबिटचे आहेत. तांब्याच्या केबलीवरच्या एक गिगाबिटचे मानक १९९९ सालचे आहे, दहा गिगाबिटचे २००६ सालचे आणि २.५ व पाच गिगाबिटचे २०१६ सालचे. मी ज्या वेगाचे पैसे दिले तो सोडून मला १९९९ सालात परत पाठवण्याच्या या प्रस्तावात किमतीतील फरक परत करण्याचा उल्लेखही नव्हता. पंख्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढेल असे फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतले सॉफ्टवेअर, द्यावे, ही माझी साधी सूचना ‘संबंधित विभागाकडे’ गेली आणि तिथेच राहिली. सध्या पंख्याला दोनच गती आहेत, बंद आणि पूर्ण. चिपचे तापमान एक अंशाने वर-खाली झाले की तो सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि सलग आवाजापेक्षा ही धरसोड अधिक त्रासदायक आहे. बिनपंख्याचे, जाड पत्र्याचे, २.५ गिगाबिटचे स्विच आज बाजारात सहज मिळतात. दोन दहा गिगाबिट पोर्टांसाठी आपण जादा किंमत घेतली ती शांततेच्या वचनासकट घेतली होती.

पुन्हा एकदा लिहिते, कारण हे पुन्हा पुन्हा चुकवले गेले आहे : माझी खोली आपण छापलेल्या चाळीस अंशांच्या आत आहे. वॉरंटीसाठी आपण चाळीस अंश धरता आणि आवाजासाठी पंचवीस. एकाच यंत्राला सोयीनुसार दोन हवामाने कशी लागू होतात, याचे उत्तर मला अद्याप कोणीही दिलेले नाही.

आपल्याच कंपनीचा राउटर आमच्या घरात अनेक वर्षे विनातक्रार चालू आहे आणि त्याच्याच भरवशावर मी हा स्विच घेतला. आसपासच्या स्टुडिओवाल्यांनी विचारले तर पूर्वी मी आपले नाव सुचवत असे. आता मी त्यांना माझ्या खोलीत दुपारी येऊन बसायला सांगते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे आणि मालाच्या गुणाविषयी खोटे वर्णन त्यात येते. त्याच कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे माझी तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल होईल आणि आपल्या प्रतिनिधींना तिथे हजर राहावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीचे शुल्क नाही, त्यामुळे खर्चाच्या भीतीने मी गप्प बसेन असा अंदाज कोणी बांधला असेल तर तो सोडून द्यावा. पंख्याच्या नोंदींची छायाचित्रे, मुद्रित ध्वनीचे नमुने आणि आपल्या तक्त्यातील टीप हे सर्व मी जपून ठेवले आहे.

स्विच परत घेऊन पूर्ण किंमत परत करावी, वाहतुकीचा खर्च आपण सोसावा आणि यापुढे खोक्यावर आवाजाचा आकडा छापताना तो किती तापमानाला मोजला हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे, अशी माझी मागणी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोन करू नये.

आपली,
ग्राहक
नाव व पत्ता सोबतच्या बिलावर आहे.

ता. क. : स्विच न्यायला माणूस पाठवणार असाल तर दुपारी बारा ते चार या वेळेत पाठवावा. कूलर बंद करून त्याला आधी दहा मिनिटे बसवून ठेवीन, मगच सही घेईन.