एप्रिलमधल्या त्या अनोळखी हातांचे आभार

नगरपरिषदेच्या आमच्या अग्निशमन दलाकडे बंब एकच. एप्रिलभर ऊस, कडब्याच्या गंजी, कचरा डेपो. १०१ चा फोन वाजायचा थांबेना. १४ तारखेला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन जवानांना मानवंदना देऊन वळलो, तोच वर्दी आली. गंजी धडधडून पेटलेली, बंबातलं पाणी संपत आलेलं. तेवढ्यात कुणीतरी न सांगता विहिरीवरची मोटर चालू करून पाइप ओढत आणला, कुणी ट्रॅक्टरचा टँकर आणून उभा केला. गोठ्यातली दावी कापून जनावरं सोडवणारा पोरगा तर आमच्याही आधी आत शिरला होता. एका आजींनी पदराने माझ्या डोळ्यांवरची राख पुसली, तांब्या पुढे केला, “आधी पाणी पी, लेकरा.”

धावपळीत कुणाचंच नाव विचारायचं सुचलं नाही. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.