भाजणीबरोबर एक घाणा सत्त्वाचा

सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली आहे. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत आपल्या घरोघरी आता चकलीची भाजणी भाजली जाईल. कढई तापलेलीच असेल, तर तिच्यात एक घाणा बांधकामांवरच्या मजुरांच्या लेकरांसाठीही भाजावा, अशी इंदूरच्या आमच्या महिला मंडळाची कळकळीची विनंती आहे.

मका निघाला की झाबुआ, अलिराजपूर, धारकडची कुटुंबं कामासाठी शहरात येतात. आई दिवसभर विटा वाहते आणि दीड-दोन वर्षांचं मूल थोरल्या भावंडाच्या कडेवर असतं. ते वाळायला लागलं की कुणी दोरा बांधतं, कुणी जडीबुटीवाल्याकडून चूर्ण आणतं. आपल्यातल्याही काही भगिनी मायेनं बाळगुटी आणून देतात. ती कृपया देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. न उकळलेल्या पाण्यात उगाळलेली गुटी पोटात गेली की जुलाब लागतात आणि होतं नव्हतं ते वजनही उतरतं. वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवायचं नाही.

आजीच्या बटव्यातलं जे मुळात अन्न आहे, तेच आम्हाला हवं आहे. पहिला मान सत्त्वाचा. तीन वाट्या गहू किंवा नाचणी आणि एक वाटी मूग वेगवेगळे रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, कडक वाळवून मंद आचेवर खमंग भाजायचे आणि बारीक दळायचे. मोड आल्यानं धान्यातलं पिष्ट (स्टार्च) सुटं होतं, म्हणून लापशीत पीठ जास्त घातलं तरी ती घट्ट गोळा होत नाही. लहान मुलाचं पोट इवलंसं असतं, चार घास खाऊन ते तोंड फिरवतं. त्या चार घासांतच भरपूर पीठ, वर चमचाभर तूप किंवा तेल गेलं तर अंगी लागतं. आमच्या आज्यांनी हे कोणत्या पुस्तकातून शिकलं नव्हतं. नाचणी माळव्यात फारशी पिकत नाही, तेव्हा दिवाळीला कोकणातून, पुण्याहून पाहुणे येणार असतील तर त्यांना आणायला जरूर सांगा.

दुसरा सुरजना, म्हणजे आपला शेवगा. अंगणात झाड असेल तर कोवळा पाला धुऊन सावलीत वाळवून द्या. डाळीत चिमूटभर चुरून घालता येतो. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी अहळीव, डिंक, खारीक आणि गूळ हवा आहे. लाडू आम्ही वळू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून अंगठ्यानं दाबल्यावर खळगा राहिला, तर ते मूल सत्त्वानं सावरणार नाही. त्याला लगेच पोषण पुनर्वसन केंद्रात दाखवावंच लागतं. सूज, ताप, जुलाब किंवा भूक मेल्यासारखं लक्षण असेल तर तिथे दाखल करतात आणि आईला साधारण दोन आठवडे सोबत राहावं लागतं. तिला शासनाचा भत्ता मिळतो, पण मागे राहिलेल्या भावंडांना जेवू कोण घालणार, या काळजीनं ती निघतच नाही किंवा मध्येच परतते. म्हणून धान्याइतकीच आम्हाला माणसं हवी आहेत: सोबत केंद्रापर्यंत जाणारी, दोन आठवडे भावंडांचा डबा पोचवणारी, भिली-निमाडी बोलता येणारी कुणी असेल तर फारच उत्तम.

पैसे देणाऱ्यांच्या रकमेतून रिक्षाभाडं, डबे, दळणावळ आणि दंड मोजायच्या पट्ट्यांचा खर्च भागेल. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल.

सामान मंगळवारी भजनाच्या वेळी मंडळाच्या खोलीत आणावं. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावं आणि त्यावर दळल्याची तारीख व आतलं धान्य लिहावं. शेंगदाणे घातले असतील तर तेही लिहावं. जुनं, वास लागलेलं धान्य देऊ नये. ज्यांना घरी जमणार नाही त्यांनी त्याच दिवशी दुपारी भाजायला यावं, मोठी कढई आणि शेगडी मांडलेली असेल.